चारपैकी दोन गैरहजर

१३ ऑक्टोबर २०२५, सोमवार

शाईस्तानं सांगितलंय म्हणून लिहितोय. तिचं म्हणणं, काका, आधी वहीत लिहायचं आणि मग मशीनला हात लावायचा, आणि जे केलं ते खरंखरं लिहायचं, झाकपाक करायची नाही. मला असली सवय नाही. आयुष्य दुसऱ्यांची लग्नं टिपण्यात गेलं, आपला दिवस टिपायचा असतो हे कधी डोक्यातच आलं नाही. ही डायरी बियाण्याच्या दुकानात फुकट मिळालेली, गेल्या वर्षीची आहे. तारखा खोडून लिहितोय.

तर खरं असं. सकाळी दहाला स्टुडिओ उघडला आणि कोपऱ्यातल्या मोठ्या डब्याचं बटण दाबलं. पंखा फिरला, दिवे लागले, पांढरी अक्षरं धावली. मग एका ओळीवर दीड मिनिट तो तसाच अडून बसला आणि शेवटी काळ्या पडद्यावर इमर्जन्सी मोड असं लिहून पासवर्ड मागायला लागला. तीनदा बंद केलं, तीनदा चालू केलं. तिन्ही वेळा तेच.

या डब्यात माझी अकरा वर्षांची लग्नं आहेत. युसूफ वडगावची, केज तालुक्यातली, पार धर्मापुरीपर्यंतची. पूर्वी सगळं सुट्या पेटीत, पेनड्राइव्हात असायचं आणि वर्षाला दोन लग्नं उंदराच्या नाहीतर उन्हाच्या तोंडी जायची. इसाकची पोरगी शाईस्ता पुण्यात एका कंपनीत असलेच डबे सांभाळते. इसाक म्हणजे माझा शेजारी, पंपाच्या जळालेल्या मोटारींत तार भरून देतो, आमच्या दोन दुकानांना मधे एकच भिंत. तीन वर्षांपूर्वी रमजान ईदला पोरगी घरी आली तेव्हा तिनं मला हा डबा जुळवून दिला. आत चार डिस्का, प्रत्येक ओढून काढता येईल अशा कप्प्यात. याला रेड म्हणतात. तेव्हा इसाक म्हणाला होता, रेड म्हणजे धाड ना बे, तुझ्यावर कोण टाकणार धाड.

तिनं मला तेव्हा समजावलं ते अजून लक्षात आहे. चार भावांनी मिळून एक गोष्ट ध्यानात ठेवलीय असं समजायचं. एक भाऊ गावाला गेला तर बाकी तिघं आपापलं जुळवून सगळी गोष्ट सांगतात. दोघं गेले की गोष्ट अडते.

दुपारी फोनवर तिनं मला एकेक अक्षर सांगून टाइप करायला लावलं. निकाल असा, की एक आणि चार नंबर हजर, दोन आणि तीन गैरहजर. तिनं तीन गोष्टी बजावल्या. घाई करायची नाही, फॉरमॅट या शब्दाला हात लावायचा नाही, आणि कुणी कितीही शहाणा येऊन 'नवीन रेड बनवू' म्हणाला तरी बनवू द्यायची नाही. जुन्यावर नवीन बनवली की जुनी गेली.

मला घाई आहे, आणि ती केशरबाईमुळे. केशरबाई वस्तीवरची, ऊसतोडीला जाणारी. शनिवारी आली होती. तिच्या दिराचं लग्न मीच शूट केलेलं, दोन वर्षांपूर्वी. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तिची सहा वर्षांची रोहिणी तापानं गेली. पोरीचा एकही फोटो नाही. घरात साधा फोन होता, आधार काढायचं राहून गेलं. लग्नाचा पेनड्राइव्ह त्यांनी मुकादमाच्या टीव्हीवर लावून बघितला. सगळं गाव दिसलं, केशरबाई म्हणाली, एक तीच न्हाई. कशी दिसेल? लेन्ससमोर येणारी पोरं मी कापतो, ते माझं कामच आहे. पण कापलेलं मी फेकत नाही. न कापलेलं सगळं डब्यात असतं. तसं तिला सांगितलं आणि सोमवारी या म्हणालो.

आज ती आली आणि पायरीवर बसून राहिली. मी मशीन बंद पडलंय म्हणालो. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भाऊ, मला तिचं तोंड आठवंना झालंय. पाय आठवत्यात, आवाज आठवतो. तोंड निसटायलंय."

भाऊबीज झाली की त्यांची टोळी कर्नाटकात जाणार, चोवीस तारखेला. मग पार उन्हाळ्यात परत. मी म्हणालो, तेवीसच्या आत देतो. कशाच्या जोरावर म्हणालो, देव जाणे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

शाईस्तानं आज मशीनची स्वतःची नोंदवही उघडायला लावली. मशीनही डायरी लिहितं, हे मला ठाऊक नव्हतं, आणि माझ्यापेक्षा प्रामाणिकपणे लिहितं.

प्रत्येक डिस्क आपली हजेरी ठेवते म्हणे. काही लिहिलं-पुसलं की हजेरीचा आकडा वाढतो. चौघांचा आकडा सारखा असला की मशीन विश्वास ठेवतं. नोंदवहीत निघालं ते असं. तीस सप्टेंबरला रात्री मी मशीन बंद केलं तेव्हा चारही हजर. तीन ऑक्टोबरला चालू केलं तेव्हा तीन नंबर गायब. पुढचे नऊ दिवस मशीन तिघांवर चाललं. आणि बारा तारखेला, रविवारी, मी एक साखरपुडा आत उतरवत होतो तेव्हा दोन नंबरनंही अंग काढून घेतलं. कॉपी निम्म्यावर अडकली होती ते मला आठवतं. मी वैतागून बटण दाबून बंद केलं होतं.

तिनं विचारलं, तीन तारखेपासून रोज सुरू होताना पडद्यावर एक इशारा येत असणार, तुम्ही बघितला नाही का? खरं लिहायचंय म्हणून लिहितो. बघितला. मला वाटलं जाहिरात आहे.

मग म्हणाली, काका, तीस तारखेची रात्र ते तीन तारखेची सकाळ, या मधल्या वेळात दुकानात काय काय झालं ते आठवून सांगा. मी म्हणालो, काहीच नाही. दुकान बंद होतं. एक तारखेला खंडेनवमी, दोनला दसरा. मी नवमीला पहाटेच एका उद्घाटनाच्या शूटिंगला गेलो होतो. पूजा सोडली तर दुकानात काडी हलली नाही.

ती म्हणाली, बरं, उद्या बघू.

मी फोन ठेवला तर विजयमाला दारात उभी. ही माझी बायको, बोलायला कधी मागं-पुढं बघत नाही. पण आज नुसतीच उभी होती. तिनं विचारलं, "अहो, त्या डब्याला वल्लं फडकं लागलं तर काय व्हतंय?" मी म्हणालो, तुला आत्ता फडक्याचं काय सुचतंय, इथं माझी अकरा वर्षं बुडायला निघालीत. ती आत गेली.

संध्याकाळपर्यंत डोकं खाजवलं. आणि आठवलं. दसऱ्याच्या दिवशी इसाक आला होता. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी टाकायला. किल्ली त्याच्याकडेच असते. इन्व्हर्टर आणि डबा यांच्यात हातभर अंतर.

१५ ऑक्टोबर, बुधवार

इसाकला बोललो. नको तसं बोललो.

आधी सरळच विचारलं, पाणी टाकताना डब्याला धक्का लागला का. तो म्हणाला, न्हाई. मी म्हणालो, आठवून सांग. तो म्हणाला, "बत्तीस वर्षं मोटारी भरतो मी, दुसऱ्याच्या मशीनला कावून हात लावू?" तिथं मी थांबायला पाहिजे होतं. मी म्हणालो, मोटार आणि हे यात फरक आहे, तुला त्यातलं काय कळतं.

त्यानं खिशातून माझ्या दुकानाची किल्ली काढली, काउंटरवर ठेवली आणि गेला. भिंतीपलीकडे दिवसभर त्याच्या हातोडीचा आवाज आला नाही. एरवी मी त्या आवाजावर वैतागतो.

ही म्हणाली, इसाकभाईला तसं बोलायला नको हुतं. मी म्हणालो, मग कोण? तू सांग कोण. तिनं तोंड उघडलं होतं. तेवढ्यात पासपोर्टफोटोला दोघं आले.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

काही नाही. विजयमालानं गुरुवार धरला. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, आजवर कधी धरला नव्हता. कशाचा उपवास विचारलं तर म्हणाली, असाच. दुपारी मागच्या परसात फोनवर बराच वेळ बोलत होती. माहेरचा असेल.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार, वसुबारस

शाईस्ताला ऑफिसात अडचण, दोन दिवस तिचा फोन नीट लागत नाही. केशरबाई परवा निरोप देऊन गेली की बैलगाडी विकली, आता ट्रॅक्टर ठरलाय, चोवीसला सकाळी निघणार. माझा धीर सुटला. अंबाजोगाईचा एक दुरुस्तीवाला बोलावला.

माणूस चटपटीत. आल्या आल्या म्हणाला, यात काही नाही, डिस्क चांगल्याच असतील, रेडची मांडणी हरवलीय, तीच मांडणी परत नव्यानं बनवायची, डेटा आहे तिथंच राहतो. हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की शाईस्तानं काय बजावलंय ते मी स्वतःहून विसरलो. वहीत लिहिलेलं आहे, वही समोर आहे, आणि मी ती मिटून ठेवली.

त्यानं टाइप केलं. पडद्यावर प्रश्न आला, यावर आधीची रेड दिसते आहे, तरी नवीन बनवायची का, हो की नाही. त्याचं बोट उचललेलं होतं.

विजयमाला चहा घेऊन आली होती. तिनं ट्रे सरळ कीबोर्डावर ठेवला. त्या बोटाच्या आणि बटणाच्या मधे. म्हणाली, "शाईस्तानं सांगितलंय, नवं बनवू द्यायचं न्हाई. मग कुणीबी असू द्या."

मला लाज वाटली, मग राग आला, मग परत लाज वाटली. दुरुस्तीवाला म्हणाला, ताई, तुम्हाला यातलं कळत नाही. ती म्हणाली, मला न्हाई कळत, तिला कळतं. तो चहा पिऊन गेला.

नंतर मी हिला विचारलं, तुला शाईस्ता कधी बोलली? ती म्हणाली, तुमीच बोलत हुता फोनवर, ऐकलं. माझा फोन कानाला असतो, समोरच्याचं तिला कसं ऐकू येतं कोण जाणे. पण ट्रे ठेवला ते बरं केलं. हे तिला सांगायचं राहिलं, इथं लिहून ठेवतो.

१८ ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी

सकाळी शाईस्ताचा फोन. आवाज वेगळाच, हसू दाबल्यासारखा, आणि जरा मऊही. म्हणाली, काका, मशीन पूर्ण बंद करा, वायर काढा, तीन नंबरचा कप्पा बाहेर ओढा आणि त्या खोबणीत टॉर्च मारून बघा. आणि दोन नंबरचा कप्पा कट्‌ आवाज येईपर्यंत आत दाबा.

पुण्यात बसून तिला खोबण कशी कळली, हे मला अजून समजलेलं नाही. शिक्षणाला तोड नाही.

आधी लिहिलं, मग हात लावला. दोन नंबरचा कप्पा दाबला तर खरंच कट्‌ वाजलं. तो नीट बसलेलाच नव्हता, केसभर बाहेर राहिला होता. रोजच्या थरथरीनं हळूहळू सरकला असणार. मग तीन नंबर ओढला. खोबणीत टॉर्च मारला.

आत खोल, जिथं डिस्कचे दात बसतात तिथं, एक तांदळाचा दाणा. लाल.

चिमट्यानं काढून तळहातावर घेतला. कुंकवात भिजवलेली अक्षता. डिस्कच्या कडेला बारीक पिवळा डागही होता.

गेल्या वर्षीची खंडेनवमी आठवली. हिनं कॅमेरे, तिपाई, दिवे, सगळं पाटावर मांडून पुजलं होतं, आणि मी आलेल्या पाहुण्यांदेखत तिला बोललो होतो. हा डबा काय आपलं हत्यार नाही का? यानं पोट भरत नाही का? याला नुसतं बाहेरून फूल टेकवलंस? बाकी सगळं उघडून पुसतेस, याला कुणी पुसायचं? असं बोललो होतो, आणि पाहुणे हसले होते.

तर या वर्षी तिनं उघडलं. चारही कप्पे ओढले असतील, ओल्या फडक्यानं पुसले असतील, पाटावर ओळीनं मांडले असतील. हळदकुंकू, अक्षता, फूल. आणि परत बसवताना, मला तिचा हात माहीत आहे, इतक्या हलक्या हातानं ढकलले असतील, जणू कुणाला दुखेल. म्हणून दोन नंबर वाजलाच नाही.

चूक तिची नाही. सांगितलेलं काम तिनं केलं, तेही मनापासून. हे तिला कळलं तर ती जन्मभर मनाला लावून घेईल. केशरबाईच्या तोंडाकडे बघू शकणार नाही. म्हणून ठरवलं, सांगायचं नाही. दाणा तोंडात टाकून चावून टाकला. दुसरं काही सुचलं नाही.

संध्याकाळी तिनं विचारलं, सापडलं का काही. मी म्हणालो, उंदीर. उंदरानं वायर हलवली होती. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "उंदीर हुता व्हय." मग आत जाऊन तिनं पोटभर जेवण केलं. चार दिवसांत पहिल्यांदा जेवताना दिसली.

शाईस्ताला फोन करून मात्र खरं सांगितलं आणि काकूला कळू द्यायचं नाही म्हणून बजावलं. ती म्हणाली, न्हाई कळू देत, काका. आणि खोकत राहिली.

१९ ऑक्टोबर, रविवार

आज चारही हजर दिसले, पण मशीन अजून उठत नव्हतं. शाईस्ताला सुट्टी होती. सकाळी नऊला बसलो.

रेड अर्धवट जमलेली होती, निष्क्रिय म्हणून पडलेली, आणि तिचं नावही बदललेलं. शून्य नंबरऐवजी एकशे सत्तावीस. ती म्हणाली, ओळख पटली नाही की मशीन असंच काहीतरी नाव देऊन ठेवतं, त्याला घाबरू नका. मग एकेकाची हजेरी वाचायला लावली. एक नंबर, ४८२१७. चार नंबर, ४८२१७. दोन नंबर, ४८२११. तीन नंबर कुठच्या कुठं मागं, दसऱ्याच्या आधीच थांबलेला.

म्हणाली, तीनला आत्ता घ्यायचं नाही. त्याला मधले दहा-बारा दिवस माहीतच नाहीत, तो खोटं बोलेल आणि त्याला वाटेल आपण खरंच बोलतोय. दोन नंबर फक्त सहा पावलं मागं आहे. त्याला घेऊ. पण मशीन आपणहून घेणार नाही, त्याला फोर्स म्हणावं लागेल.

फोर्स म्हटल्यावर मी विचारलं, जबरदस्ती करून काही मोडलं तर? ती म्हणाली, "काका, जबरदस्ती न्हाई हो. सहा पावलांची चूक माफ कर, एवढंच सांगायलोत."

आधी ती अर्धवट रेड थांबवली. मग आदेश टाइप केला. एक, दोन, चार. तिनं मला तो तीनदा मोठ्यानं वाचायला लावला. विजयमाला मागं उभी होती, तिचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर. एंटर दाबलं.

तीन ड्राइव्हवर रेड सुरू झाली, असं आलं. खाली यू, यू, मग एक रिकामी रेघ, मग यू. यू म्हणजे हजर, ती रेघ म्हणजे तीन नंबरची जागा. मी शाईस्ताला ते वाचून दाखवलं. फोन हिनं घेतला. ती फोनवर म्हणाली, बाई गं, आली. एवढंच.

नुसतं वाचायचं, लिहायचं नाही, अशा पद्धतीनं रेड उघडली आणि सगळ्यात आधी केशरबाईच्या दिराचं लग्न बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतलं. मग बाकीचं. रविवारच्या साखरपुड्याची शेवटची काही मिनिटं गेली. कॅमेऱ्याच्या कार्डात आहेत, परत घेईन.

सगळं बाहेर आल्यावर तीन नंबर पुसून आत घेतला. तो आता बाकीच्यांकडून सगळं नव्यानं शिकतोय, दहा तास लागतील. शाईस्तानं आणखी दोन गोष्टी करून दिल्या. यापुढे डिस्क नसल्या तरी मशीन उठेल, आणि कुणी गैरहजर राहिला तर माझ्या फोनवर संदेश येईल. जाहिरात म्हणून सोडू नका, असंही म्हणाली.

२० ऑक्टोबर, सोमवार

पहाटे अभ्यंगस्नान उरकून दुकानात आलो ते बसलोच. सहा तासांचं न कापलेलं लग्न. केशरबाईनं सांगितलं होतं, हिरवं परकर-पोलकं. वधूच्या मामांच्या गावाहून मांडवडहाळ्यांची गाडी आली, बैलांच्या शिंगांना गोंडे, गाडीत आंब्याचे डहाळे. त्या गाडीपुढं हिरवं काहीतरी धावत आलं.

अकरा सेकंद आहेत. ती पाठमोरी येते आणि नेमकी लेन्सपुढं उभी राहते, गाडी बघत. गाडी झाकली जाते. मग एक आवाज येतो. "ए पोरी, व्हय बाजूला. अक्कल हाय का न्हाई?" खेकसलेला, घाणेरडा आवाज. ती वळते. सरळ लेन्समध्ये बघते. पुढचे दोन दात पडलेले. घाबरत नाही, हसते, हसताना एक चिरका आवाज काढते आणि पळून जाते.

आवाज माझा आहे.

या पोरीची जगात एवढीच एक गोष्ट उरलीय, आणि त्यातही मी तिच्यावर खेकसतोय. मी किती जणांवर असा खेकसलो असेन, ते सगळं या डब्यात असणार. कापताना मी ते ऐकलंही असेल, पण ऐकू आलं नव्हतं.

फोटो सुरेख निघाला. तोंड चार सेकंद दिसतं, त्यातला सगळ्यात स्थिर क्षण घेतला. क्लिपही करून ठेवली. आवाज काढून टाकला, खाली सनई टाकली. खरं लिहायचंय म्हणून लिहितो, ते केशरबाईसाठी केलं नाही, माझ्यासाठी केलं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार, लक्ष्मीपूजन

संध्याकाळी दुकानात पूजा. हिनं कॅमेरे मांडले, तिपाई मांडली, आणि डब्याजवळ निरांजन घेऊन थबकली. मी म्हणालो, त्याला लांबूनच ओवाळ. जवळ गेलं की धूर लागतो त्याला. तिनं लांबूनच ओवाळलं. डोळे पुसत होती. उदबत्त्या यंदा फार उग्र आल्यात.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

इसाककडे गेलो. किल्ली घेऊन. तो एका पंपाच्या मोटारीत तांब्याची तार भरत होता, वर बघितलं नाही. मी त्याच्या बाकड्यावर बसलो. म्हणालो, चूक माझी होती. तुझा काही संबंध नव्हता. मी बोललो ते तोंडातून गेलं, आणि त्याची मला रोज लाज वाटतेय. किल्ली तुझ्याकडंच ठेव.

त्यानं तार नीट वळवून घेतली. मग विचारलं, मग काय हुतं रे डब्यात? मी म्हणालो, उंदीर. उंदराचं नाव काढलं तसा तो इतका हसला की हातातली तार सुटली. मला कळेना यात एवढं काय. त्याची बायको सईदाभाभीही आतून हसली. मग त्यांनी शीरखुर्मा दिला, ईद नसताना. किल्ली त्यानं खिशात टाकली.

दुपारपासून हातोडीचा आवाज परत चालू.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

काल केशरबाई भाऊबीजेला भावाकडे अडकली, आज सकाळी साडेसहाला दुकानाच्या दारात ट्रॅक्टर उभा. ट्रॉलीत पत्र्याची पेटी, भांडी, दोन शेळ्या, बाजरीची पोती, वर माणसं. ती आणि तिचा नवरा बंकट उतरले. बाकीचे वरूनच बघत होते.

फोटो मी चौकटीत बसवून ठेवला होता. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला. बराच वेळ बघितला. रडेल असं मला वाटलं होतं. तिनं पोरीच्या ओठांवर अंगठा ठेवला आणि बंकटला म्हणाली, बघा, दात. दात पडल्यालं इसरले हुते मी. बंकट दुसरीकडं बघत होता.

मग मी क्लिप लावली. सनई वाजली. पोरगी आली, वळली, हसली, पळाली. तिनं परत लावायला सांगितली. परत बघितली. मग विचारलं, "भाऊ, ती हसती हितं. आवाज न्हाई का तिचा?"

मी म्हणालो, नाही. मग वही आठवली, झाकपाक करायची नाही. म्हणालो, आहे. पण त्यात माझाही आहे, आणि तो ऐकण्यासारखा नाही. मी तिच्यावर ओरडलोय.

ती म्हणाली, लावा.

मी मूळची लावली. दुकानात माझा तो आवाज फार मोठा वाटला. विजयमाला दारात उभी होती, तिनंही पहिल्यांदाच ऐकला. मग रोहिणीचं ते चिरकं हसू. केशरबाईच्या तोंडातून तसाच एक आवाज निघाला, हुबेहूब तसाच. बंकट खाली बसला, जमिनीवरच.

मी हात जोडले. म्हणालो, माझा आवाज तेवढा काढून देतो, तिचा ठेवतो, दहा मिनिटं लागतील, ट्रॅक्टर थांबवा.

केशरबाई म्हणाली, "राहू द्या, भाऊ. तुमी वरडला म्हणून तर तिनं वळून बघितलं."

मी ती क्लिप आहे तशी बंकटच्या फोनमध्ये टाकली.